बोट मिटून दाखवा

"दिवाळी अंकासाठी लिहा, पण रक्त फार नको," असं संपादकांनी फोनवर बजावलं. मी म्हटलं, आमच्याकडे रक्त चमचाभरसुद्धा निघत नाही. बडबड मात्र बादलीभर निघते.

मी हाताची सर्जन आहे. पनवेलला टपाल नाक्याच्या अलीकडे, एका भांड्यांच्या दुकानावर माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. पुढच्या खोलीत तपासते, मागच्या खोलीत कापते. हृदयं, मेंदू, गुडघे हे सगळं मोठ्या इमारतींमधले मोठे लोक बघतात. माझ्याकडे येतात ती अडकलेली बोटं, मनगटावर सुपारीएवढ्या वाढलेल्या गाठी, बधिर झालेले हात आणि तळव्यात मोडून राहिलेले माशांचे काटे. पेशंट जिना चढून येतो आणि तास-दीड तासाने जिना उतरून जातो. हाताला पट्टी असताना खालच्या दुकानात कुकरच्या रिंगेसाठी घासाघीस करणारे मी पाहिलेत.

आणि या सगळ्या वेळात पेशंट जागा असतो. इंजेक्शनने तेवढं बोट झोपतं. बाकीचा माणूस टक्क जागा, डोक्यावर दिवा, शेजारी दोन बायका आणि पळून जायची सोय नाही. अशा वेळी तो काय करणार? बोलतो. रिक्षा संघटनेच्या एका पुढाऱ्याने उजवा हात माझ्या ताब्यात देऊन डाव्या हातातल्या फोनवर संप चालवला होता. मी टाका घालत असताना तो गरजला, "आता हात आखडता घ्यायचा नाही!" माझा हात जागच्या जागी थांबला. "तुम्हाला नाही हो मॅडम," तो म्हणाला, "तुमचं चालू द्या." मराठी शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंना मी "हात रिलॅक्स करा" म्हटलं, तर त्या आडव्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "सैल सोडा म्हणा." तेव्हापासून मी 'सैल सोडा' म्हणते.

या बडबडीला हवा घालण्याचं काम शोभा सिस्टरांचं. त्या आपटा गावाहून येतात, बावीस वर्षं माझ्यासोबत आहेत. घाबरलेल्या पेशंटचा दुसरा हात हातात घेऊन त्या एकच प्रश्न विचारतात, "सकाळी काय खाल्लंत?" त्यांचं म्हणणं, खाण्याबद्दल बोलताना माणसाला भीती वाटूच शकत नाही. बावीस वर्षांत हे खोटं ठरलेलं मी पाहिलेलं नाही.

आमच्या धंद्यातला सगळ्यात गोड आजार म्हणजे अडकणारं बोट. बोट मिटतं, पण उघडताना मध्येच अडतं आणि मग 'टक्' करून झटक्यात सुटतं. लोकांना वाटतं हाड सरकलं. हाडाचा काही संबंध नसतो. बोट वाकवणारी दोरी तळव्यातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते, पायजम्याची नाडी नेफ्यातून जाते तशी. नाडीला गाठ आली की ती नेफ्याच्या तोंडाशी अडकते. आधी आम्ही गोळ्या देतो, पट्टी देतो, एखादं इंजेक्शन देऊन बघतो. नाहीच ऐकलं, तर नेफ्याचं तोंड थोडं उसवायचं. नखाएवढी चीर, दहा मिनिटांचं काम.

त्या दहा मिनिटांतलं नववं मिनिट हे माझ्या आयुष्यातलं सुख आहे. चीर उघडी असतानाच मी म्हणते, "आता बोट मिटून दाखवा." पेशंट घाबरत घाबरत मिटतो. "उघडा." आणि ते बोट, वर्षभर टकटक करत छळणारं, लोण्यातून सुरी जावी तसं उघडतं. आवाज नाही, अडणं नाही. मग माणूस हसतो. झोपून, दिव्याखाली, हिरव्या कापडाखालून हसतो. एका बँकेतल्या साहेबांनी पुन्हा पुन्हा बोट मिटून उघडून दाखवलं, मला टाके घालू देईनात. एक काकू म्हणाल्या, "बाकीची नऊ पण आत्ताच करून टाका." सत्तावीस वर्षं मी हे बघते आहे आणि दर वेळी माझ्या पोटात गुदगुल्या होतात.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या स्वतःच्या बोटाचं. ते उघडकीला आणलं दत्ताशेठ यांनी.

दत्ताशेठ उलव्याकडचे. आधी भातशेती आणि मिठागर, आता इमारती बांधतात. उजव्या हाताची अनामिका अडकत होती आणि नेमकी त्याच बोटात पुखराजाची अंगठी. मी म्हटलं, "शेठ, अंगठी काढावी लागेल. बोट सुजलं तर रक्त अडेल."

"ती नाय निघायची, डाक्टरीनबाय. सात वर्सं झाली, काढली नाय."

"बोट काळं पडेल."

"बोट गेलां तरी चालंल. पुखराज बाहेर निंगाला तर माजी दोन टावरं बसतील."

बराच वेळ वाद झाला. शेवटी त्यांच्या बायकोने, कुंदाबाईंनी, तोड काढली. अंगठी त्या स्वतःच्या बोटात घालणार आणि ऑपरेशनभर नवऱ्याला हात लावून बसणार, म्हणजे पुखराजाचा संबंध तुटणार नाही. मी लगेच कबूल केलं. बोटाला दोरा गच्च गुंडाळून तो सोडवत सोडवत अंगठी पुढे सरकवायची एक युक्ती असते. तशी ती काढली. पण उजवा हात माझ्या ताब्यात, डावा सिस्टरांच्या, मग कुंदाबाईंनी धरायचं काय? सिस्टरांनी त्यांना टोपी घातली, स्टुलावर बसवलं आणि दत्ताशेठांच्या पायाचा अंगठा त्यांच्या हातात दिला.

"मुंगी चावल्यासारखं वाटेल," मी नेहमीप्रमाणे म्हटलं आणि सुई टोचली.

"कंची मुंगी, बाय? काली का लाल?" दत्ताशेठ कळवळून म्हणाले.

बोट छान सुटलं. दत्ताशेठ इतक्या मोठ्याने हसले की बाहेर बसलेले दोन पेशंट दार ढकलून आत डोकावले. कुंदाबाईंनी आनंदाने पायाचा अंगठा जोरात दाबला, तेव्हा शेठ ओरडले. सगळी खोली हसत होती. मी शेवटचा टाका घातला, आणि सुई धरायच्या चिमट्यात अडकवलेली माझी अनामिका वाकली, ती उघडेचना.

गेले चार महिने हे चाललं होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःच स्वतःला गोळ्या देत होते, पट्टी बांधून झोपत होते आणि सकाळी गरम पाण्यात हात बुडवून बसत होते. कामाच्या वेळी ते कधी अडकलं नव्हतं. आज अडकलं. चिमटा हातातून सुटेना. मी हसत हसतच डावा हात पुढे केला आणि बोट ओढून सरळ केलं.

टक्.

दत्ताशेठांनी मान वळवली.

"बाय, ह्यो आवाज माजा का तुमचा?"

मी म्हटलं, "चिमट्याचा." सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या.

बारा दिवसांनी दत्ताशेठ टाके काढायला आले, ते मूठ आवळूनच. उघडेनात. "आदी तुमची तारीक सांगा. मंगच मूठ उघरीन."

"शेठ, माझं काही नाही."

"चिमटा टक् करतो व्हय? माजा आवाज मना ठाव हाय. वरीसभर आयकलाय."

सिस्टरांनी टेबलावरची वही उघडली. म्हणाल्या, "बुधवारी दुपारनंतर कुणी पेशंट नाही." मग वही मिटून, "इम्रानला बोलवा."

इम्रानचं नाव निघालं आणि माझं हसू गेलं.

इम्रान पनवेलचाच, जुन्या मोहल्ल्यातला. नऊ वर्षांपूर्वी तो माझ्याकडे शिकायला होता. हात हलका, डोकं शांत. आता नवी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात तो हाताची ऑपरेशनं करतो आणि माझ्यापेक्षा चांगली करतो. ईदला, दिवाळीला त्याचा फोन येतो. तो 'मॅडम' म्हणतो आणि दर वेळी मी काहीतरी कारण काढून फोन लवकर ठेवते. त्याचं कारण सुलभाताई.

सुलभाताई ब्लाउज शिवतात. त्यांचा उजवा अंगठा अडकत होता. अंगठ्याचं ऑपरेशन बोटासारखंच, फक्त तिथे एक संवेदनेची शीर अगदी कातडीखालून तिरपी जाते. ती जपावी लागते. त्या दिवशी जखमेची कड बाजूला धरायचं छोटं आकड्यासारखं हत्यार, ज्याला आम्ही हूक म्हणतो, ते इम्रानच्या हातात होतं. सुरी माझ्या हातात. मी घाई केली. बाहेर सहा पेशंट होते आणि मला त्या दिवशी स्वतःचं कौतुक जरा जास्तच वाटत होतं. सुरी तिरपी गेली आणि शिरेला चीर पडली. मी दचकून हात मागे घेतला, त्या धक्क्याने इम्रानचा हूकही सरकला.

मी शीर तिथल्या तिथे भिंगातून बघत केसाएवढ्या दोऱ्याने शिवली. तेवढं मी नीट केलं. पण बाहेर येऊन सुलभाताईंना आणि त्यांच्या मिस्टरांना सांगताना माझ्या तोंडून निघालं, "असिस्टंट नवीन आहे. त्याचा हात जरा सरकला." इम्रान माझ्या मागेच उभा होता. त्याने मान खाली घातली आणि त्या दोघांची माफी मागितली. मी ती मागू दिली. महिन्याभराने तो दुसरीकडे गेला. सुलभाताईंच्या अंगठ्याची संवेदना वर्षभरात बरीच परत आली, सगळी नाही. बाहेरची कड बधिरच राहिली.

सर्जनच्या हातून चुका होतात. ती चूक मी पेलली असती. जे मी बाहेर येऊन बोलले ते मात्र नऊ वर्षं पेललं नाही.

दत्ताशेठ मूठ उघडत नव्हते. मी बुधवार कबूल केला.

इम्रान आला. केस थोडे पांढरे झालेले, बाकी तसाच. माझं बोट त्याने मिटवलं, उघडलं, तळव्यावर दाबून गाठ चाचपली आणि म्हणाला, "मॅडम, अट एकच. ऑपरेशन चालू असताना तुम्ही सूचना द्यायच्या नाहीत. गप्प पडून राहायचं."

"बरं."

"'बरं' हे पण बोलणंच झालं."

सिस्टर खुदकन हसल्या. मी माझ्याच टेबलावर आडवी झाले. वरून तो दिवा फार क्रूर दिसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. छतावर ओलीचा एक डाग आहे, तोही मी पहिल्यांदाच बघितला. सत्तावीस वर्षं लोक त्या डागाकडे बघत पडले होते!

"मुंगी चावल्यासारखं..." इम्रानने सुरुवात केली. माझ्याकडूनच शिकलेला.

मी आतापर्यंत ज्या मुंगीचं नाव घेत आले, ती मुंगी नव्हती. ती गांधीलमाशी होती आणि तिला कुणीतरी आधी चिडवलेलं होतं. मी "आई गं!" ओरडले. सिस्टरांनी माझा डावा हात घट्ट धरला आणि गंभीरपणे विचारलं, "सकाळी काय खाल्लंत?"

त्या इंजेक्शनात बधिर करणाऱ्या औषधासोबत रक्तवाहिन्या आवळणारं दुसरं एक औषध असतं. त्यामुळे बोट पांढरं पडतं आणि रक्त येत नाही. पूर्वी आम्ही त्याऐवजी दंडाला पट्टा आवळायचो, तो फार दुखायचा. हे नवं औषध छान, फक्त अर्धा तास थांबावं लागतं आणि छातीत थोडी धडधड होते. 'थोडी' हा शब्द मीच पेशंटना सांगते. माझ्या छातीत वरातीतला बँजो वाजायला लागला. डोकं हलकं झालं, हात थरथरायला लागले आणि विनाकारण हसू यायला लागलं. जगातली सगळी माणसं मला आवडायला लागली. पोह्यांबद्दल मी सिस्टरांना इतकं सांगितलं की शेवटी शेंगदाण्यांची संख्याही सांगितली. सिस्टर हसत होत्या, इम्रान हसत होता. आणि त्या हसण्यातच, काही ठरवलेलं नसताना, मी म्हणाले,

"इम्रान, सुलभाताईंची शीर मी कापली होती. हूक नव्हता सरकला. म्हणजे सरकला, पण नंतर. माझ्या हाताच्या धक्क्याने. आधी माझी सुरी गेली होती."

तो हसतच होता. मग त्याचं हसू हळूहळू थांबलं.

"तुला माहीत होतं ना?" मी विचारलं. मला नऊ वर्षं वाटत आलं होतं की त्याला ठाऊक असणार, मोठेपणाने गप्प बसला असणार.

"नाही, मॅडम," तो म्हणाला. "मला वाटलं, माझाच हात सरकला."

तो उठला आणि पुढच्या खोलीतून बाहेर गॅलरीत गेला. दार लागल्याचा आवाज आला.

मी पडून राहिले. छातीत बँजो चालूच. बोट खडूसारखं पांढरं झालेलं. सिस्टर माझा हात सोडत नव्हत्या. खालच्या दुकानात कुणीतरी पातेली एकात एक रचत होतं, तो आवाज येत होता.

"तुम्ही बघितलं होतंत का त्या दिवशी?" मी विचारलं.

"मी बाईंचा हात धरून होते," सिस्टर म्हणाल्या. "पण तुमचा चेहरा दिसत होता." मग माझा हात दाबून म्हणाल्या, "बरं झालं बोललात."

मला वाटलं, तो जाईल. गेला असता तर चुकलं नसतं. माझं बोट अडकलेलंच राहिलं असतं आणि तेही योग्यच झालं असतं, असंसुद्धा मनात आलं. पंधरा मिनिटं झाली असतील. दार उघडलं. इम्रान थेट बेसिनवर गेला, कोपरापर्यंत हात धुतले, सावकाश, मी शिकवलं होतं तसे. ग्लोव्हज घातले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "हात सैल सोडा."

मी सोडला.

दुखलं काहीच नाही. नुसतं कुणीतरी आपल्या हातावर काहीतरी लिहितंय असं वाटत होतं. मी एकही सूचना दिली नाही. देण्यासारखी नव्हतीच. मान थोडी उचलून मी बघितलं, तर त्याने हूक स्वतःच्याच डाव्या हातात धरला होता. सिस्टर तो धरायला तयार असताना.

"बोट मिटून दाखवा, मॅडम."

मिटलं. उघडलं. लोणी! मी पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. मला हसू आलं, आणि डोळ्यांतून पाणीही वाहायला लागलं, कानात जायला लागलं. मी बोट नाचवतच राहिले. "मॅडम, टाके घालू द्या," इम्रान म्हणाला. त्याच्या आवाजात अगदी थोडं हसू होतं. चिमूटभर.

पट्टी बांधून झाल्यावर तो माझ्यासमोर स्टुलावर बसला. "नऊ वर्षं मी हूक कुणाच्या हातात देत नाही," तो म्हणाला. "माझे ज्युनिअर हसतात. मी म्हणतो, माझा एकदा सरकला होता."

मी माफी मागितली. त्याने ऐकून घेतली. 'असू दे' म्हणाला नाही, आणि तेच मला बरं वाटलं.

"मला नका सांगू," तो म्हणाला. "माझ्या अम्मीला सांगा. त्या दिवशी घरी जाऊन मी तिच्यासमोर रडलो होतो. तिला वाटतं, माझ्या हातून एका शिवणाऱ्या बाईचा अंगठा गेला. आणि सुलभाताई तिचेच कपडे शिवायच्या."

हे मला माहीत नव्हतं.

चार दिवसांनी, हाताला पट्टी बांधलेली, मी मोहल्ल्यात त्याच्या घरी गेले. त्याच्या अम्मी, झुलेखाबी, दारातच होत्या. मला बसवलं, सरबत दिलं, पट्टीची चौकशी केली. "इम्रानने केलं ना? त्याचा हात फार हलका," त्या अभिमानाने म्हणाल्या. मी ग्लास खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. एका दमात, खाली बघत.

झुलेखाबी म्हणाल्या, "दोन दिवस माझा पोरगा जेवला नव्हता."

"हो."

"तुमी खोटं बोललात आणि माझा पोरगा दोन दिवस उपाशी."

"हो."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, झालं. मी पण उठले. चपला घालत होते, तेवढ्यात त्या डोक्यावर ओढणी घेऊन बाहेर आल्या.

"चला."

"कुठे?"

"सुलभाकडे. नऊ साल मी शरमेने तिच्या गल्लीत पाय ठेवला नाय. भाजी आणायला वळसा घालून जाते. गुडघे दुखतात माझे त्या वळशाने. चला!"

आणि त्या खरोखरच निघाल्या, माझ्या पुढे, गुडघे दुखत असूनही इतक्या भराभर की मला धावत गाठावं लागलं.

सुलभाताईंचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. त्या मशीनवर होत्या. अंगठ्यात धातूचं अंगुस्तान घातलेलं. सुई टोचलेली कळत नाही म्हणून. ते मी बघितलं आणि पाठ करून आणलेली वाक्यं विसरले.

आम्हा दोघींना एकदम दारात बघून त्यांनी मशीन थांबवलं. पण माझ्याकडे बघितलंच नाही. झुलेखाबींकडे बघून म्हणाल्या, "आलात का शेवटी! त्या जांभळ्या कुर्त्याचा राग अजून गेला नाही?"

"कंचा कुर्ता?" झुलेखाबी म्हणाल्या.

"बगलेत घट्ट झालेला. त्यानंतर तुम्ही आलाच नाहीत. मला वाटलं, माप चुकलं म्हणून रागावलात. नऊ वर्षं मी प्रत्येक बगल अर्धा इंच सैल शिवते!"

झुलेखाबींनी तोंडावर ओढणी धरली आणि हसायला लागल्या. हसत हसत भिंतीला टेकल्या. मग मीच पुढे होऊन सांगितलं. सुरी माझी होती. इम्रानचा दोष नव्हता. मी खोटं बोलले.

सुलभाताईंनी अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं. अंगठा दुसऱ्या हाताने चोळला.

"तेव्हा सांगितलं असतंत, तर काय झालं असतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही रागावला असता."

"हो. खूप रागावले असते. तुमच्या दारात येऊन भांडले असते. मग दोन महिन्यांनी विसरलेही असते." त्यांनी अंगुस्तान पुन्हा हातात घेतलं. "आता नऊ वर्षांनी एवढा राग कुठून आणू? आणि तो पोरगा माझ्यासमोर हात जोडून उभा होता हो. त्याला मी काय काय बोलले."

"त्याला फोन लावा," झुलेखाबी म्हणाल्या.

लावला. इम्रान रुग्णालयात होता. सुलभाताई स्पीकरवर म्हणाल्या, "इम्रान बाळा, मी सुलभाताई. तुझा हात सरकला नव्हता." पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "हो, ताई. कळलं मला." आणि पुढे, "अंगठा कसा आहे?" सुलभाताई म्हणाल्या, "तू येऊन बघ."

तो पुढच्या रविवारी आला, अंगठा तपासला. त्याच शिरेवर आणखी काही करता येण्यासारखं आता नाही, हे त्याने त्यांना सरळ सांगितलं. मी शेजारी उभी होते. या वेळी मान खाली घालायची पाळी माझी होती आणि मी ती घातली.

माझं बोट पूर्ण बरं आहे. सहा आठवड्यांनी मी पुन्हा टेबलाशी उभी राहिले. पेशंटना आता मी सांगते, "गांधीलमाशी चावेल, पण एकदाच," आणि गंमत म्हणजे ते कमी ओरडतात. छतावरच्या डागाला रंग लावून घेतला. इम्रान महिन्यातून एका बुधवारी येतो. त्या दिवशी अवघड ऑपरेशनं आम्ही दोघं मिळून करतो. मागच्या बुधवारी त्याने काही न बोलता हूक माझ्या हातात दिला. मी तो असा धरला की सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, श्वास तरी घ्या."

त्या पहिल्या दिवशी, सुलभाताईंच्या दुकानातून निघताना, त्यांनी झुलेखाबींना उभं करून फीत लावली. "माप बदललंय," त्या म्हणाल्या. "नऊ सालात बदलणारच," झुलेखाबी म्हणाल्या. मग सुलभाताईंनी फीत माझ्याभोवती गुंडाळली. मला पट्टीच्या हाताने तिचं टोक धरायला सांगितलं, वहीत आकडे लिहिले.

"तुमचा ब्लाउज मी शिवणार," त्या म्हणाल्या. "पण रांगेत सगळ्यात शेवटी."

तो अजून झालेला नाही. मधूनमधून मी विचारायला जाते. त्या म्हणतात, "सध्या लग्नसराई आहे," आणि स्टूल पुढे सरकवतात. मग चहा येतो. गेल्या आठवड्यात त्यांनी सोबत चकल्यासुद्धा दिल्या.